एक फीत, दोन टेपरेकॉर्डर : गिटारचा लूप ऐकायला शिकण्याच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

जुन्या बाजारातून स्पूल टेपरेकॉर्डर आणला. सांगितले आठ हजार, दिले साडेसहा. वायर लावली तर मोटर घुमली, स्पूल हलले नाहीत. फितीला लागून आवाज लिहिणारे-वाचणारे हेड मात्र स्वच्छ आहेत, नख फिरवलं तर खाच लागत नाही. मी तेवढंच बघून घेतला.

हा खटाटोप कशासाठी, ते आधी लिहिते. गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि संगीतकार ब्रायन ईनो यांनी सप्टेंबर १९७२ मध्ये लंडनला, ईनोंच्या घरी, एक गिटार आणि दोन टेपरेकॉर्डर एवढ्यावर वीस मिनिटं पंचावन्न सेकंदांचं एक काम ध्वनिमुद्रित केलं. 'द हेवनली म्युझिक कॉर्पोरेशन' हे त्याचं नाव. पुढच्या वर्षी आलेल्या 'नो पुसीफूटिंग' या अल्बमची ती पहिली बाजू. गेली दहा-बारा वर्षं मी ते ऐकतेय, स्वयंपाक करताना, बसमध्ये, झोप येत नसताना. डिसेंबरात आत्या घरी होती. तिने पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "अगं, यात होतं काय?" मला उत्तर देता आलं नाही. इतकी वर्षं ऐकलेल्या गोष्टीबद्दल मला "छान वाटतं" यापलीकडे एक वाक्य बोलता येऊ नये, हे मला फार लागलं.

म्हणून ते यंत्र स्वतः उभं करायचं ठरवलं. रचना सोपी आहे. दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवायचे आणि फीत एकच लावायची. ती डाव्या यंत्राच्या भरलेल्या स्पूलवरून निघते, डाव्याच्या हेडवरून जाते, मधली मोकळी जागा ओलांडून उजव्याच्या हेडवर येते आणि उजव्याच्या रिकाम्या स्पूलवर गुंडाळली जाते. डावं यंत्र मुद्रण करतं, उजवं वाजवतं. वाजवलेला स्वर फितीबरोबर चालत काही सेकंदांनी उजव्याकडे पोचतो, तिथून वायरीने परत डाव्याकडे जातो आणि नव्या स्वरासोबत पुन्हा मुद्रित होतो. या फिरत राहण्यालाच लूप म्हणतात. ईनोंच्या १९७५ च्या 'डिस्क्रीट म्युझिक'च्या मागच्या कव्हरवर याची आकृती छापलेली आहे. माझ्या भिंतीवर तिचीच प्रत लावली आहे.

लूपर पेडल, म्हणजे वाजवलेली ओळ पकडून पुन्हा पुन्हा वाजवणारी पायाची पेटी, माझ्याकडे आहे. पण त्यावर पकडलेली ओळ शंभराव्यांदाही पहिल्यासारखीच वाजते. फितीवर प्रत्येक फेरीला स्वर थोडा झिजतो, आणि मला ते झिजणं ऐकायचं आहे.

१९ जानेवारी

मागचं झाकण उघडलं. बेल्ट नव्हताच, त्याचं डांबर झालं होतं. पुलीवर, फ्लायव्हीलवर, चेसीवर काळा चिकटा पसरलेला. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकोरण्यांचा कापूस घेऊन साडेतीन तास घासलं. सुरुवातीला हातमोजे घातले नव्हते, ती चूक झाली. हा काळा चिकटा कपड्यातून निघत नाही आणि बोटांवरून दोन दिवस जात नाही.

फीत ओढणाऱ्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे कॅपस्टनवर, फितीला दाबून धरतो तो रबरी पिंच रोलर दगड झाला होता. छापखान्यांच्या रोलरना रबर चढवून देणारे एक गृहस्थ भेटले, त्यांनी ४५० रुपयांत करून दिला. पहिल्या खेपेला एका बाजूने किंचित जाड झाला आणि फीत वर चढून गाइडबाहेर पडायला लागली. परत नेला, त्यांनी पैसे न घेता ग्राइंड करून सरळ केला. असं काम देताना "दोन्ही टोकांना माप सारखं हवं" हे आधीच सांगा, आणि घ्यायला जाताना वर्नियर सोबत न्या. बेल्टची जोडी मागवली, ६०० रुपये.

२ फेब्रुवारी

दुसरं यंत्र मिळालं. मुंबईच्या एका घरातून, १४,००० ला. जपानी, तीन मोटरी, तीन हेड, दिसायला देखणं. कोणे एके काळी अमेरिकेहून सामानात आलेलं. घरी आणल्यावर पाठीमागची पट्टी वाचली : ११० व्होल्ट, ६० हर्ट्झ. हे घ्यायच्या आधी वाचायला हवं होतं.

व्होल्टेजसाठी स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आणला, १,८०० रुपये. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. ही मोटर विजेच्या हर्ट्झवरच आपला वेग धरते. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे यंत्र एक षष्ठांशाने सावकाश चालणार.

कानाला ते किती जाणवतं हे बघायला आत्याच्या तंबोऱ्याचं एक मिनिट पहिल्या यंत्रावर (ते उजवीकडचं) मुद्रित केलं आणि तीच फीत या नव्यावर लावली. आत्याला फोनवर ऐकवलं, सोबत मूळ षड्जही दिला. ती लगेच म्हणाली, "सा खाली घसरलाय. हा मंद्र धैवत आहे, शुद्ध." हिशोब केला तर तेच येतं. वेग पाच-सहाच्या प्रमाणात उतरला की स्वर तीन पडद्यांहून किंचित जास्त खाली येतो.

९ आणि १६ फेब्रुवारी

हे दोन रविवार फुकट गेले. मोटरवरची पुली सहा-पाचच्या प्रमाणात मोठी केली की वेग भरून निघेल, असा माझा विचार. विचार बरोबर होता. लेथवाल्याने पितळेची पुली करून दिली, १,२०० रुपये. वेग सरासरीने जवळपास जमला, पण भोक केसभर मध्यापासून सरकलेलं होतं. लांब स्वर थरथरायला लागला. बासरीला शोभेल अशी थरथर होती, पण मी ती मागितली नव्हती. दुसरी पुली करून घेतली, ती पहिल्यापेक्षा बरी पण थरथरणारीच. त्याने दुसरीचे पैसे घेतले नाहीत.

२३ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा फीत दोन्ही यंत्रांवरून ओढली. दोन टेबलं जोडली, डाव्याच्या मुद्रण-हेडपासून उजव्याच्या वाजवण्याच्या हेडपर्यंत अंतर ९६ सेंटिमीटर ठेवलं. फीत सेकंदाला १९.०५ सेंटिमीटर जाते, म्हणजे स्वर परत यायला पाच सेकंद. (एक मीटरला सव्वापाच सेकंद, हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं अंतर मनात मोजता येतं.)

दोन्ही यंत्रं सुरू केली आणि डावं लगेच बंद पडलं. त्याच्या उजव्या बाजूला एक छोटा हात असतो. फीत संपली, म्हणजे ताण गेला, की तो हात खाली पडून यंत्र थांबवतो. आपल्या रचनेत त्या हातावरून फीत जातच नाही. हात दोऱ्याने वर बांधून ठेवला. सुरू झालं.

दहा मिनिटांत दोन यंत्रांच्या मध्ये अर्धा मीटर फीत लोंबायला लागली. माझ्या पुलीमुळे डावं यंत्र अर्ध्या टक्क्याने जास्त वेगात फीत पुढे ढकलत होतं, उजवं तेवढी ओढत नव्हतं. फीत जमिनीवर, स्वर यायला पाचाचे साडेसात सेकंद. पायाखाली येऊन ती तुटली.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकांना बोलावलं. ते रेडिओतून निवृत्त झालेत, उभं आयुष्य स्पूलवर गेलं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाले, "दोघांनी कशाला ओढायचं? एकाला ओढू दे." डाव्याचा पिंच रोलर स्क्रू फिरवून काढून माझ्या हातात दिला. मग डाव्याच्या कॅपस्टनच्या मोटरची वायरही सोडवायला लावली. आता फीत ओढायचं काम एकट्या उजव्याचं. डाव्याचं काम फक्त पुसणं, मुद्रण करणं आणि स्पूलच्या मोटरने मागून हलका ताण धरून ठेवणं.

म्हणजे डाव्याचा स्वतःचा वेग काही असला तरी फरक पडत नाही. पुली, लेथ, दोन रविवार, बाराशे रुपये, कशाचीच गरज नव्हती. जे कोणी हे करायला घेतील त्यांनी हा परिच्छेद आधी वाचावा : वेग जुळवण्यात वेळ घालवू नका, डाव्या यंत्राचा पिंच रोलर काढा.

९ मार्च

गिटार जोडली. गिटार, व्हॉल्यूम पेडल, छोटा मिक्सर, डावं यंत्र. उजव्याचा आवाज परत मिक्सरमध्ये. पेडल बंद ठेवून तार छेडायची आणि मग सावकाश उघडायचं, म्हणजे छेडल्याचा 'टण्' ऐकू येत नाही, स्वर धुक्यातून येतो तसा येतो.

पहिला स्वर गेला, पाच सेकंदांनी परत आला. मी तो इतकी वर्षं ऐकत होते, पण स्वतःच्या हाताने सोडलेला स्वर खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून परत येताना ऐकणं हा वेगळा अनुभव आहे. अंगावर काटा आला.

त्यानंतरचा दिवस तीन भांडणांत गेला.

पहिलं पंख्याशी. मार्चचं ऊन, पंखा चालू. परत येणारा स्वर डुलत होता. आधी वाटलं रोलर पुन्हा बिघडला. मग फितीकडे वाकून नीट बघितलं. दोन टेबलांमधला तो तपकिरी पट्टा वाऱ्याने पोट काढत होता आणि परत सरळ होत होता. फीत वाकली की वाट लांबते, सरळ झाली की आखूड होते, स्वर तसा खाली-वर होतो. पंखा बंद केला, डोलणं गेलं. आता मध्यावर सरबताची काचेची बाटली पाणी भरून उभी केली आहे आणि फीत तिला हलकी टेकून जाते. पंखा चालवता येत नाही तो नाहीच.

दुसरं पंख्याच्याच रेग्युलेटरशी. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या आकड्यावर असला की गिटारच्या पिकअपमध्ये घरघर येते. शेजारच्या खोलीतला पंखासुद्धा एक तर पूर्ण वेगावर किंवा बंद हवा.

तिसरं घुमण्याशी. मिक्सर आणि अॅम्प्लिफायर दोघांनाही अर्थिंग, आणि मध्ये वायरींचा वेढा. साध्या ऐकण्यात ही घूं कळली नसती. पण इथे ती प्रत्येक फेरीला परत मुद्रित होते आणि वाढते. परतीच्या वायरीत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घातला (वायरी धरून १,१०० रुपये), बहुतेक गेली. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो ऐकू नका. गिटारच्या तारा धातूच्या असतात आणि हात त्यांच्यावर असतो.

१६ मार्च

आजचा दिवस परतीच्या आवाजाच्या बटणाचा. सगळं यंत्र त्या एका बटणावर आहे.

परत येणारा आवाज गेलेल्यापेक्षा किंचितही मोठा असला तर प्रत्येक फेरीला वाढतो. मी एकदा तसाच सोडून पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा खोलीत विमानतळ होता. फितीत मावेल तेवढा आवाज भरून तिने तोंड फाकलं होतं आणि मी वाजवलेले सगळे स्वर त्यात बुडाले होते.

बरोबरीला ठेवला तर स्वर टिकतात, पण फितीची सरसरही टिकते आणि साचते. दहा फेऱ्यांत ती दहा डेसिबलने वाढते. पाऊस सुरू झाल्यासारखं वाटतं.

फेरीला तीन डेसिबल कमी, हे मला मानवलं. दहा फेऱ्यांनी, म्हणजे पन्नास सेकंदांनी, स्वर तीस डेसिबल खाली गेलेला असतो आणि नव्या स्वरांच्या मागे उभा राहतो. मिक्सरवर तिथे पांढऱ्या पेनने खूण केली आहे. पण बटण एका जागी ठेवून भागत नाही. दाटी झाली की उतरवायचं, विरळ झालं की चढवायचं. १९७२ च्या त्या संध्याकाळी फ्रिप गिटार वाजवत होते आणि ईनो टेपरेकॉर्डर सांभाळत होते. ते दोघं का लागले, हे आज हाताला कळलं.

३० मार्च, गुढीपाडवा

आत्या आली, तंबोरा घेऊन. श्रीखंड-पुरी झाल्यावर खोलीत बसलो. मी मध्यावर, ती सवयीने भिंतीला टेकून. पाच मिनिटं ऐकलं आणि ती म्हणाली, "खालून घूं येतंय गं. फ्रीज का?" मला काहीच येत नव्हतं. ती म्हणाली, इथे येऊन बस. भिंतीला टेकले, आणि खरंच, पोटात जाणवेल अशी घूं. उठून मध्यावर आले, गायब.

मोजपट्टी काढून खोली मोजली. लांबी ३ मीटर ४३ सेंटिमीटर. इतक्या लांबीच्या खोलीत ५० हर्ट्झची लाट दोन भिंतींमध्ये बरोबर बसते. भिंतीशी ती सगळ्यात मोठी, मध्यावर जवळपास शून्य. आणि ५० हर्ट्झ म्हणजे आपली वीज. मी तीन आठवडे नेमकी त्या एकाच जागी बसत होते जिथे माझ्या यंत्राचा दोष ऐकू येत नाही. स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले, मिक्सरवर खालचा पट्टा कापला. आता प्रत्येक मुद्रण मी आधी भिंतीला टेकून ऐकते.

मग तंबोरा लूपमध्ये घातला. आत्या किराणा घराण्याची, मिरजेला शिकली, तंबोराही तिथलाच. तिला सांगितलं की फ्रिप-ईनोंच्या आधी, १९६३ मध्ये, पॅरिसच्या रेडिओत टेरी रायली या अमेरिकन संगीतकारासाठी अशीच एक फीत दोन यंत्रांवरून ओढली होती, आणि तेच रायली १९७० पासून पंडित प्राणनाथांकडे किराण्याची तालीम घेत होते. ती म्हणाली, "म्हणजे तंबोऱ्याच्या घरचाच निघाला की." आणि खुंटी पिळायला लागली.

वाजवलं ते जमलं नाही. पहिल्या फेरीला तंबोरा तंबोऱ्यासारखा, दुसरीला कांबळ पांघरल्यासारखा, तिसरीला नुसता गुं. आत्या हात आवरून म्हणाली, "जवारी मेली." मी गिटारच्या धुकट स्वरांवर ही झीज "फितीचा गोडवा" म्हणून खपवत होते. जवारी म्हणजे वरच्या सूक्ष्म स्वरांचा झगमगाट, आणि माझं यंत्र नेमका तोच खात होतं. तंबोऱ्याशिवाय मला हे समजलं नसतं.

६ एप्रिल

काकांनी दोष लगेच ओळखला. एका यंत्राने मुद्रण करायचं, दुसऱ्याने वाजवायचं, तर दोघांच्या हेडची फट फितीला एकाच कोनात लागायला हवी. कोन किंचित चुकला की आधी वरचे स्वर जातात. आमच्या रचनेत तर ते दर पाच सेकंदांनी जातात.

उपाय : डाव्यावर दहा हजार हर्ट्झचा सूर सोडायचा, तो उजव्यावर येताना ऐकायचा आणि उजव्याच्या वाजवण्याच्या हेडशेजारचा छोटा स्क्रू बारीक बारीक फिरवायचा. आवाज सगळ्यात मोठा होईल तिथे थांबायचं. काकांचे कान आता इतका बारीक सूर धरत नाहीत, म्हणून स्क्रू त्यांनी फिरवला आणि "आता" मी म्हटलं. पाव फेऱ्यापेक्षा कमी फिरवावा लागला. स्क्रूड्रायव्हर चुंबकाच्या टोकाचा घेऊ नका. आणि आधी स्क्रूची मूळ जागा नेलपॉलिशने खूण करून ठेवा. मी केली नव्हती. एकदा फिरवणं हाताबाहेर गेलं तेव्हा मूळ जागा शोधण्यात अर्धा तास गेला.

तंबोरा पुन्हा घातला. जवारी आता सहाव्या-सातव्या फेरीपर्यंत दिसते.

१३ एप्रिल

आज यंत्राला हात लावला नाही. ज्यासाठी हे केलं तो उद्योग आज केला : कागद घेऊन ऐकणं.

रेघांची वही, एक ओळ म्हणजे पाच सेकंद, म्हणजे एक फेरी. स्वर जिथे पहिल्यांदा येतो तिथे टिंब. पुढच्या ओळीत तो त्याच जागी आला की पुन्हा टिंब, ऐकू येईल तेवढं गडद. गेल्या आठवड्याचं माझंच वीस मिनिटांचं मुद्रण घेतलं.

चौथ्या मिनिटाला माझं बोट एक पडदा वर पडलं होतं, पंचमाऐवजी कोमल धैवत. वाजवताना जीव दचकला होता. कागदावर त्याची वाट दिसली. पहिल्या तीन फेऱ्या तो टोचतो. चौथीला त्याची कड जाते. सहावीला तो नेमका कुठला हे सांगायला मान तिरपी करावी लागते. नंतर तो वेगळा उरत नाही, पण पंचमाशेजारी एक थरथर ठेवून जातो. आणि वाजवणारी मी, त्या सगळ्या वेळात, पुढचे स्वर त्याच्या अंदाजाने लावत गेले होते. मिटवता येत नाही, तेव्हा त्याला सोबत घेऊन जावं लागतं. हे मी वाजवताना ठरवलं नव्हतं. कागदावर वाचलं.

मग 'हेवनली म्युझिक कॉर्पोरेशन' लावलं. ओळीचं अंतर त्याच्या फेरीला जुळवून घेतलं. सुरुवातीचा प्रत्येक लांब स्वर परत येतो, एकमेकांवर साचत जातो. पुढे तीच गिटार वर चढून बोलायला लागते, आणि तिथे माझा कागद अडला. ते स्वर परत येत नव्हते. मी टिंबाची जागा राखून थांबायची आणि ती रिकामीच जायची. बारा वर्षं ऐकलं, हे कधी लक्षात आलं नव्हतं. कारण साधं आहे. हे काम दोन खेपांत झालं. आधी लूपचा गालिचा, मग त्यावर वेगळी वाजवलेली, लूपमध्ये न घातलेली गिटार. खालची गिटार आठवत राहते. वरची प्रत्येक स्वर एकदाच म्हणते. माझ्या मते त्या वीस मिनिटांचा सगळा ताण तिथे आहे.

फ्रिप यांनी १९७९ मध्ये एकट्याने दौरा केला तेव्हाही हीच रीत होती. लोकांसमोर लूप तयार करायचा, फीत मागे गुंडाळायची आणि ती वाजत असताना तिच्यावर गिटार वाजवायची. नव्याने ऐकणाऱ्याला मी १९८१ चं 'लेट द पॉवर फॉल' आधी ऐकायला सांगेन. त्यात वरची गिटार नाही, नुसते लूप आहेत. सगळं परत येतं, टिंबं मांडायला सोपं.

२७ एप्रिल

एक छोटा प्रयोग. डिसेंबर १९७३ मध्ये बीबीसीवर निवेदक जॉन पील यांच्या कार्यक्रमात 'नो पुसीफूटिंग' उलटा वाजवला गेला होता, हे वाचलं होतं. २००८ च्या आवृत्तीत उलट्या दिशेची प्रतही दिली आहे. माझं मुद्रण संगणकावर उलटं केलं, काकांना न सांगता ऐकवलं. त्यांना तीन मिनिटं लागली. "स्वर मोठे होत चाललेत," ते म्हणाले, "लहान व्हायला हवेत." उलट्या दिशेने ऐकताना प्रतिध्वनी आधी येतो, पुसटसा, आणि मूळ स्वर शेवटी. टिंबं फिकटाकडून गडदाकडे. ऐकणाऱ्यांनी हे एकदा जरूर करून बघावं, मिनिटाचं काम आहे आणि नंतर सरळ दिशेने ऐकताना कान कुठे लावायचा ते कळतं.

१५ जून

यंदा पाऊस मे महिन्यातच आला आणि त्याने फिती खाल्ल्या. जुन्या बाजारातून घेतलेल्या चार जुन्या फिती (प्रत्येकी ५००) उघड्या रॅकवर होत्या. परवा एक लावली तर सहा मिनिटांनी किंचाळली आणि उजवं यंत्र अडकलं. हेडवर तपकिरी लेप. फितीवरचा थर धरून ठेवणारा गोंद दमट हवा पिऊन चिकट होतो आणि हेडला लागतो. दोन तास सफाई. चारांतल्या तीन गेल्या. त्यांच्यावर आधी कोणाचं तरी घरगुती गाणं होतं, मी तेवढं आधी उतरवून ठेवलं होतं ते बरं झालं. आता एक नवी फीत घेतली आहे, जकातीसकट ५,२०० रुपये. ती झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत राहते. पुड्या दर पंधरा दिवसांनी बदलते.

खर्च : उजवं यंत्र ६,५००, बेल्ट ६००, रोलर ४५०, डावं यंत्र १४,०००, ट्रान्सफॉर्मर १,८००, वाया गेलेली पुली १,२००, जुन्या फिती २,०००, नवी ५,२००, वायरी आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर १,१००. एकूण ३२,८५० रुपये. काकांनी काही घेतलं नाही, त्यांच्या घरची दोन जुनी स्पूलं संगणकावर उतरवून दिली. वेळ पाच महिन्यांतले बहुतेक रविवार. पुली आणि खराब झालेल्या फिती वगळल्या तर यातले दोन महिने वाचले असते.

राहिलेलं काम : उजव्याचा नवा बेल्ट सैल वाटतोय, बाटलीऐवजी गुळगुळीत काचेची नळी बसवायची आहे, आणि दोन्ही टेबलं चार फूट लांब सरकवून जवळपास साडेअकरा सेकंदांचा लूप करून बघायचा आहे.

आत्याला वीस मिनिटांचं मुद्रण आणि कोरी वही दिली होती. काल रात्री तिचा फोन आला. टिंबं सगळी मांडली होती. म्हणाली, "चौथ्या मिनिटाचा तुझा तो धैवत आहे ना, सातव्यांदा येतो तेव्हा पंचमात विरघळतो बघ. तू नेमका तेव्हाच वरचा रिषभ लावलास. थांबायचं होतंस दोन फेऱ्या." वही काढून बघितलं. माझ्या कागदावर तिथे सहाव्या फेरीनंतर टिंबच नव्हतं. भिंतीला टेकून पुन्हा ऐकलं, आणि सातवं आहे.